पडद्यावरच्या गोष्टींची चित्रपुस्तके निवडताना

तीन ते पाच वर्षांचे मूल पुस्तकांच्या दुकानात शिरले की त्याचा हात बहुधा ओळखीच्या चेहऱ्याकडेच जातो, मग ती पेपा पिग असो, ब्लूई असो किंवा छोटा भीम. अनेक पालक अशा पुस्तकाला मालिकेची जाहिरात समजून ते परत फळीवर ठेवतात. हे मला योग्य वाटत नाही, कारण ज्याला पुस्तकाजवळ बसायची सवय अजून लागलेली नाही, अशा मुलाला ओळखीचे पात्रच अनेकदा पानापर्यंत घेऊन येते. खरी अडचण अशी की या प्रकारात मन लावून केलेली पुस्तके थोडी आणि घाईने जुळवलेली फार असतात, आणि मुखपृष्ठावरून दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून निवडताना एक प्रश्न मुख्य धरावा: ज्या मुलाने ही मालिका कधीच पाहिलेली नाही, त्याला केवळ या पानांवरून गोष्ट कळेल का? दुकानातच मजकूर हाताने झाकून चार-पाच पाने सलग चाळावीत. कोण कुठे निघाले आहे, काय बिनसले आहे, कोणाला राग आला आहे, हे चित्रांतून साधारण उमगले पाहिजे. मग एक पान हळू आवाजात वाचून पाहावे. पेपा पिगचा एक भाग जेमतेम पाच मिनिटांचा असतो आणि त्यातली बरीच गंमत निवेदकाच्या आवाजात आणि पात्रांच्या घुरघुरण्या-खिदळण्यात असते. ती पुस्तकात आपोआप उतरत नाही. भागातले संवाद ओळीने लिहून प्रत्येकापुढे ‘पेपा म्हणाली’, ‘जॉर्ज म्हणाला’ एवढेच जोडलेले असेल, तर वाचणारा कंटाळतो आणि ऐकणारे मूल पुढचे पान ओढू लागते.

पडद्यावरच्या पात्राला पुस्तकात खऱ्या अर्थाने कसे आणावे, हे पाहायचे असेल तर जॉन स्टोन यांनी लिहिलेले आणि मायकेल स्मॉलिन यांनी चितारलेले ‘द मॉन्स्टर अ‍ॅट द एंड ऑफ धिस बुक’ हे १९७१ सालचे पुस्तक अवश्य मिळवावे. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकन मालिकेतला ग्रोव्हर हा बाहुला वाचणाऱ्याला परोपरीने विनवतो की पान उलटू नका, शेवटी राक्षस आहे, तो पाने दोरांनी बांधतो, फळ्या ठोकतो, विटांची भिंतसुद्धा उभारतो, आणि मूल प्रत्येक वेळी पान उलटून त्याचा बेत हाणून पाडते. शेवटच्या पानावरचा राक्षस तो स्वतःच असतो. ही गोष्ट घडते ती मुलाच्या हातामुळे, आणि पडद्यासमोर बसलेल्या मुलाला तो हात चालवायला जागाच नसते.

मालिकेच्या भागावरून केलेले पुस्तकही चांगले असू शकते. ‘ब्लूई’ ही २०१८ साली सुरू झालेली ऑस्ट्रेलियातील मालिका. तिच्यावरच्या ‘ब्लूई: द बीच’ या पुस्तकाला २०२० साली तिथल्या पुस्तक व्यवसायाच्या पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. सापडलेला शिंपला दूर गेलेल्या आईला दाखवण्यासाठी ब्लूई किनाऱ्यावरून एकटीच निघते, एवढीच ती गोष्ट आहे. असा एकच सरळ प्रवास पानांवर सहज मांडता येतो. याउलट पाच पात्रे आणि तीन उपकथानके चोवीस पानांत कोंबलेली दिसली, तर ते पुस्तक ठेवून द्यावे.

चित्रे पडद्यावरून तशीच उचललेली आहेत की पानासाठी काढलेली आहेत, हेही तपासावे. पेपासारखी सपाट रंगांची, ठळक रेषांची पात्रे छापील पानावर शोभतात. संगणकावर घडवलेल्या त्रिमितीय मालिकांमधून कापून घेतलेली दृश्ये मात्र अनेकदा काळपट छापली जातात आणि धावणारे पात्र मध्येच गोठल्यासारखे दिसते.

काही वेळा पुस्तक आधीचे आणि मालिका नंतरची असते. थॉमस हे इंजिन पडद्यावर १९८४ साली आले. ते ज्यांतून आले, ती रेव्हरंड ऑड्री यांची रेल्वेकथांची पुस्तके १९४५ पासूनची आहेत, पण त्यांतला मजकूर या वयाला थोडा जड जातो. डिक ब्रूना यांची मिफी ही सशाची पिल्ली १९५५ पासूनची; प्रत्येक चित्रासोबत फक्त चार ओळी असल्यामुळे तीन वर्षांच्या मुलासाठी मालिकेवरून केलेल्या नव्या पुस्तकांपेक्षा मी ही मूळ पुस्तकेच आधी सुचवीन.

आपल्याकडे मिळणारी अशी बरीच पुस्तके इंग्रजीत असतात आणि घरात ती मराठीतून सांगितली जातात, म्हणून एका पानावर दोन-तीन वाक्ये असलेले पुस्तक निवडावे. मोठा परिच्छेद असेल तर सांगताना लय तुटते. लहान वयाला जाड पुठ्ठ्याची पाने बरी. बटण दाबून आवाज येणारी पुस्तके मी टाळते, कारण मूल बटणातच गुंतून राहते. केवळ पात्रांची ओळख करून देणारी आणि शेवटच्या पानावर खेळण्यांची चित्रे देणारी पुस्तके तर घेऊच नयेत.

घरी वाचताना मूल ‘टीव्हीत असं नव्हतं’ म्हणाले, तर त्याला थांबवू नये. तिथे काय झाले होते ते त्याच्याकडून पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग पुढचे पान त्यालाच उलटू द्यावे.