फ्रोझन भेंडीचा कंटेनर भरण्याआधी

फ्रोझन भाजीच्या निर्यातीत उतरणारा बहुधा कागदांपासून सुरुवात करतो. आयईसी (आयात-निर्यात कोड), अपेडाची म्हणजे शेतमाल निर्यात प्राधिकरणाची नोंदणी, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) केंद्रीय परवाना, कस्टमकडे नोंदवायचा बँकेचा एडी कोड, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र). हे सगळं लागतंच, पण सीए आणि कस्टम हाउस एजंट ते मार्गी लावून देतात. कंबरडं मोडतं ते दोनच कारणांनी: शेतात मारलेलं औषध आणि वाटेत चढलेलं तापमान.

भेंडीचंच उदाहरण घ्या. एचएस कोड म्हणजे कस्टमसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक; त्यात ०७१० म्हणजे गोठवलेल्या भाज्या. त्यात मटार ०७१०२१, स्वीट कॉर्न ०७१०४०, आणि भेंडी ‘इतर भाज्या’ म्हणजे ०७१०८० मध्ये. स्वतःचा प्लांट टाकायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. मर्चंट एक्सपोर्टर म्हणून नाशिक, पुणे किंवा दक्षिण गुजरातेतल्या एखाद्या आयक्यूएफ (शेंगा सुट्या-सुट्या गोठवणाऱ्या) प्लांटकडून आपल्या ब्रँडमध्ये माल भरून घ्या. मग तुमचं खरं काम उरतं ते तिथे काय आणि कसं बघायचं, हे कळण्याचं.

भेंडी अवघड आहे ती तोडणीमुळे. एक-दोन दिवसांआड तोडावी लागते, नाहीतर शेंग जून होते. फवारणीनंतर औषधाचा प्रतीक्षा काळ तीन, पाच, सात दिवसांचा असला, तरी शेतकरी तेवढे दिवस शेंगा झाडावर ठेवत नाही. त्याला परवडतच नाही. मग अवशेष मालाबरोबर प्लांटमध्ये येतात. झाडात भिनणारी औषधं धुऊन जात नाहीत, ब्लांचिंगनेही (कढत पाण्यातून थोडा वेळ काढण्यानेही) पूर्ण जात नाहीत. युरोपीय संघात ज्या औषधाला वेगळी मर्यादा नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. म्हणजे एक टन भेंडीत फक्त १० मिलिग्रॅम. त्यातून भारतीय भेंडीला, गोठवलेलीलासुद्धा, त्यांनी अवशेषांसाठी वाढीव तपासणीच्या यादीत घातलं आहे. ही यादी ठरावीक काळाने बदलते, म्हणून प्रत्येक ऑर्डरआधी ताजी बघावी. बाजार समितीतून उचललेल्या भेंडीवर युरोपची ऑर्डर घेऊ नका. ठरलेले शेतकरी, प्रत्येकाची फवारणीची वही, आणि लॉटनिहाय नमुना एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. रिपोर्ट हातात आल्याशिवाय कंटेनर बुक करायचा नाही.

प्लांटमध्ये पहिली नजर देठ कापणाऱ्या बायकांच्या हाताकडे टाका. सुरी टोपीच्या खाली गेली की शेंग उघडी पडते, ब्लांचरमध्ये चिकट सुटतो आणि पुढे गोठवणाऱ्या टनेलच्या पट्ट्यावर गठ्ठे होतात. कट भेंडीत हा त्रास दुप्पट. ब्लांचिंग साधारण ९० ते ९५ अंशांवर, अख्ख्या शेंगेला दोन-तीन मिनिटं. ते पुरेसं झालं का, हे पेरॉक्सिडेज चाचणीत कळतं: कापलेल्या शेंगेवर ग्वायाकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर तांबूस-तपकिरी रंग चढला, तर एन्झाइम अजून जिवंत आहे. असा माल आज छान दिसतो, पण काही महिन्यांनी रंग उडतो आणि सुक्या गवतासारखा वास येतो. तक्रार येते तेव्हा तुमचे पैसे वसूल झालेले असोत, नाहीतर कठीण. ब्लांचिंगनंतर गार पाणी, मग शेकरवर (हलत्या जाळीवर) पाणी नीट निथळू द्यायचं. निथळलं नाही तर शेंगा एकमेकींना चिकटतात आणि टनेलच्या कॉइलवर (गार करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ साचतो.

याच टप्प्यावर लिस्टेरिया हा आजार पसरवणारा जिवाणूही शिरतो. ब्लांचिंगने तो मरतो, पण गार पाण्याच्या टाकीतून, पट्ट्यांवरून परत येतो, आणि गोठवल्याने मरत नाही. २०१५ ते २०१८ दरम्यान युरोपात ४७ जण आजारी पडले, ९ दगावले. माग हंगेरीत गोठवलेल्या मक्यापर्यंत गेला. म्हणून प्लांटकडे मालाच्या रिपोर्टबरोबर ब्लांचरनंतरच्या यंत्रांच्या स्वॅबचे (पुसून घेतलेल्या नमुन्यांचे) रिपोर्टही मागा. टाळाटाळ झाली, तर दुसरा प्लांट बघा.

अमेरिकेला पाठवायचं असेल, तर प्लांटची एफडीएकडची (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडची) नोंदणी चालू आहे का ते तपासा. ती दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करावी लागते. आखाती देशांना अरबी लेबल लागतं. उत्पादन आणि एक्सपायरीच्या तारखांवर वरून स्टिकर चिकटवायचा विचारही करू नका.

आता कंटेनर. रीफर म्हणजे शीतकंटेनर माल गोठवत नाही, गोठलेला माल तसाच ठेवतो. उणे १२ वर चढवलेली भेंडी वाटेत उणे १८ होईल, ही आशा फोल. कार्टन उघडून दोन पाऊचांच्या मध्ये प्रोब दाबून तापमान घ्या आणि आकड्यासकट फोटो ठेवा. कंटेनरचं पीटीआय (भरण्याआधीची मशीनची तपासणी) झालेलं हवं, व्हेंट (बाहेरची हवा घेणाऱ्या झडपा) बंद हवेत. बुकिंगमध्ये सेट पॉइंट म्हणजे ठेवायचं तापमान लिहिताना उणे चिन्ह दोनदा वाचा. +१८ वर लागलेल्या कंटेनरची गोष्ट या धंद्यात नवी नाही. प्लांटला सीलबंद डॉक (कंटेनरच्या दाराला घट्ट बसणारा, बाहेरची हवा अडवणारा धक्का) नसेल, तर रिकामा कंटेनर आधी गार करू नका आणि भरताना मशीन बंद ठेवा, नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरून कॉइलवर बर्फ धरते. गार हवा जमिनीच्या खाचांतून वर येते आणि मालाच्या वरून मशीनकडे परतते, म्हणून थर आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर नेऊ नये. वजनाचं म्हणाल, तर अमेरिकेत रस्त्याच्या नियमांमुळे माल साधारण १९-२० टनांतच बसवावा लागतो. न्हावा शेवापर्यंत जेनसेटवाली (कंटेनरला वीज देणारा जनरेटर असलेली) गाडीच घ्या आणि डिझेल किती आहे ते स्वतः बघा.

पैशांचं: पहिल्या ऑर्डरला काही आगाऊ आणि उरलेले साइट एलसीवर (कागदपत्रं दाखवताच बँक पैसे देते असं पतपत्र); ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीचं कवच घ्या. नाकारलेल्या फ्रोझन कंटेनरचं प्लग-इन भाडं (बंदरात वीज जोडून गार ठेवण्याचं) रोज चढत राहतं आणि माल नष्ट करण्याचा खर्चही बहुतेक निर्यातदाराच्या गळ्यात पडतो.

प्रत्येक लॉटचे दोन-तीन पाऊच प्लांटच्या स्टोअरमध्ये एक्सपायरीपर्यंत राखून ठेवा, आणि मालात मधोमध एक डेटा लॉगर (वेळेनुसार तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) टाका. खरेदीदार ‘गठ्ठे आलेत’ म्हणाला की आधी लॉगरचा आलेख मागवा. माल कुठे तरी वितळून पुन्हा गोठला असेल, तर वेळेसकट त्यात दिसतं, आणि तो वेळ कोणाच्या ताब्यातला होता यावरच दावा ठरतो.