टोल रस्ता चालवायला, रुंद करायला घेताय? या चुका टाळा

२०१८ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या पहिल्या टीओटी (टोल घ्या, रस्ता चालवा, मुदत संपली की परत करा) लिलावात ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वायरी या गुंतवणूक कंपनीने आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या ९ पट्ट्यांसाठी ९,६८१ कोटी रुपये मोजले. मुदत ३० वर्षं. पैसे आधी भरायचे, टोल नंतर वसूल करायचा आणि तोवर रस्ता शाबूत ठेवायचा. अशा करारात पहिली खोट बहुधा बोली लावण्याआधीच, वाहनमोजणीत येते.

गर्दी मोजली, गिऱ्हाईक मोजलंच नाही. सिडनीचा क्रॉस सिटी बोगदा ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झाला. अंदाज होता दिवसाला सुमारे ९० हजार वाहनांचा, आली ३० हजारांच्या आसपास. डिसेंबर २००६ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या (कर्जवसुलीसाठी नेमलेल्या ताबेदाराच्या) ताब्यात गेली. आपल्याकडे ऊसगाळपाच्या हंगामात मोजणी केली की आकडा फुगतो, पण राष्ट्रीय महामार्गावर ट्रॅक्टर आणि दुचाकीला टोलच नाही. दोन वेगवेगळ्या हंगामांत, सात-सात दिवस, चोवीस तास, वाहनप्रकारानुसार मोजा. समांतर जाणाऱ्या फुकट रस्त्यावरही माणसं बसवा. नाका चुकवणारे ट्रक तिथेच सापडतात.

ट्रक मोजले, आसावर (अ‍ॅक्सलवर) येणारं वजन धरलं नाही. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. रस्त्याची झीज साधारण वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. ८.१६ टनांच्या प्रमाण आसाची झीज १ धरली तर जुन्या मर्यादेत एका आसाची झीज २.४४ येते, नव्या मर्यादेत ३.९४. म्हणजे वजन जेमतेम १३ टक्क्यांनी वाढलं आणि झीज ६० टक्क्यांहून जास्त. टोल मात्र ट्रकच्या प्रकारावर घेतला जातो, टनावर नाही. तोच माल कमी फेऱ्यांत गेला तर गल्ला घटतो आणि ओव्हरले (जुन्या रस्त्यावर डांबराचा नवा थर) दोन-तीन वर्षं आधी करावा लागतो. म्हणून जुन्या अहवालातला आसभार उचलून आर्थिक गणितात चिकटवू नका. नवं आसभार सर्वेक्षण करा, एफडब्ल्यूडीने (रस्त्यावर वजन आपटून तो किती दबतो ते मोजणाऱ्या यंत्राने) रस्त्याची ताकद तपासा आणि ओव्हरलेचं वर्ष त्यावरून ठरवा.

ओव्हरले सहा महिन्यांत सुटतो. दोष बहुतेक वेळा खालच्या थराशी झालेल्या जोडणीत असतो. रात्री लेन बंद ठेवायला जेमतेम सहा-सात तास मिळतात, त्यामुळे टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा) मारल्या मारल्या पेव्हर (डांबरी मिश्रण पसरणारं यंत्र) पुढे सरकवला जातो. फवाऱ्यातलं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) तपकिरी दिसतंय तोवर त्यात पाणी आहे. ते काळं पडू द्या. डांबरी पृष्ठभागावर प्रति चौरस मीटर ०.२० ते ०.३० किलो पुरे. जास्त मारलं तर वरचा थर सरकतो. मिलिंगनंतरची (जुना थर खरवडल्यानंतरची) धूळ झाडूने नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने काढा. भेगा आधी भरून घ्या, नाहीतर त्याच भेगा नव्या थरातून वर येतात. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिश्रण टाकताना १४० अंश हवं आणि रोलिंग ९० अंशांच्या आत उतरण्यापूर्वी संपलं पाहिजे. डंपर वाहतुकीत अडकला तर थर्मामीटर बघा आणि गार माल सरळ परत पाठवा.

चौपदरीचं सहापदरी करताना उलटा क्रम. मुख्य मार्ग आधी उकरला की वाहनं वळवायला जागाच उरत नाही. मोऱ्या वाढवणं आणि विजेचे खांब, जलवाहिन्या हलवणं आधी, मग सर्व्हिस रोड, मग रुंदीकरण. मे महिन्यात अर्धवट राहिलेल्या मोरीचं तोंड मोकळं करा. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात पाणी भरावात शिरलं तर कडा खचतात.

फास्टॅगचा हिशेब जुळत नाही. बऱ्याचदा शेजारच्या लेनचा अँटेना टॅग वाचतो: गाडी तीन नंबरच्या लेनमध्ये, पैसे चारमधून कापलेले. अँटेनाचा कोन खाली करा, पॉवर पायरीपायरीने कमी करा आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही लेनमधून गाडी नेऊन पाहा. टॅगवरचा वाहनवर्ग आणि एव्हीसीने (वाहनाचा प्रकार आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने) ओळखलेला वर्ग यांतला फरक रोजच्या रोज फोटोसकट काढा. महिनाअखेरीस काढलेला फरक वसूल होत नाही.

नोटीस राहून गेली. आंदोलनाने नाका बंद पडला तर आधी वकिलाला नाही, घड्याळाला विचारा. भारतीय नमुना करारात फोर्स मेजरची (हाताबाहेरच्या अडथळ्याची) सूचना ७ दिवसांत द्यायची असते. त्यासोबत बंद लेन, तास आणि नेहमीच्या वसुलीचा आकडा जोडा. लोकांचा रोष मात्र नोटिशीने शमत नाही: कोल्हापूरच्या शहरांतर्गत रस्त्यांचा टोल वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर २०१५ च्या अखेरीस कायमचा गेला. लोकांच्या रोजच्या वापरातल्या गल्लीवर नाका बसवून तीस वर्षांचं गणित मांडणाऱ्यांनी ही नोंद बोलीच्या फायलीतच लावून ठेवावी.