कोर्स सोडावा की ठेवावा: अमेरिकेत एमएसच्या पहिल्या वर्षात असणाऱ्यांसाठी

अमेरिकेत एमएससाठी आलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्या मिडटर्मचे गुण कळले की हा प्रश्न हमखास पडतो. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतून आलेल्यांना तो मुळातच अनोळखी असतो, कारण तिकडे विषय मध्येच सोडण्याची सोय आपण कधी पाहिलेली नसते. विषय राहिला तर एटीकेटी लागते आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा बसायचे, एवढेच ठाऊक असते. इथे मात्र पोर्टलवर एक बटण दाबले की नकोसा विषय वेळापत्रकातून नाहीसा होतो. हे बटण फार सोपे आहे, आणि अडचणीची सुरुवात तिथूनच होते.

मुदतींविषयी थोडक्यात सांगते. सत्राच्या सुरुवातीचा एक-दोन आठवड्यांचा काळ कोर्स बदलण्यासाठी असतो. त्यात सोडलेल्या कोर्सची ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेवर, खूण राहत नाही आणि त्याच्या जागी दुसरा कोर्स घेता येतो. त्यानंतर सोडल्यास ‘डब्ल्यू’, म्हणजे ‘विथड्रॉन’ (कोर्स सोडला) असा शेरा, लागतो. तो जीपीएमध्ये, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत, धरला जात नाही, परंतु फी परत मिळण्याचे प्रमाण आठवड्यागणिक घटत जाते आणि पुढे शून्यावर येते. एक ‘डब्ल्यू’ दिसला म्हणून नोकरी नाकारल्याचे मी माझ्या ओळखीत कुठे ऐकलेले नाही, तेव्हा त्या अक्षराची धास्ती घेण्याचे कारण नाही. धास्ती घ्यायचीच असेल तर ती पुढच्या गोष्टीची घ्या.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याने नियमित सत्रांत पूर्णवेळ नोंदणी राखणे बंधनकारक असते. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी ती किमान १२ क्रेडिट्सची असते. एमएससाठी आकडा विद्यापीठ ठरवते आणि तो बहुतेक ठिकाणी ९ असतो, म्हणजे तीन-तीन क्रेडिट्सचे तीन कोर्स. त्यातला एक सोडला की सहा उरतात आणि पूर्णवेळ नोंदणी मोडते. ही घट डीएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकृत अधिकाऱ्याच्या, पूर्वपरवानगीनेच करता येते. पोर्टलला तुमचा व्हिसा ठाऊक असेलच असे नाही. ते बहुधा मुकाट्याने कोर्स काढून टाकते. प्राध्यापक आणि विभागाचे अ‍ॅडव्हायझर ‘जरूर सोड’ म्हणाले तरी ती परवानगी ठरत नाही. आधी बटण आणि मग ई-मेल, असा उलटा क्रम झाला तर तुम्ही ‘आउट ऑफ स्टेटस’, म्हणजे व्हिसाच्या अटी मोडलेले, ठरू शकता, आणि तिथून परत येण्याची प्रक्रिया लांबलचक व अनिश्चित असते. कोर्स न सोडता नुसता ‘ऑडिट’मध्ये, म्हणजे क्रेडिट न घेता वर्गात बसण्यात, बदलून घेतला तरी तेच होते, कारण ऑडिटचे क्रेडिट पूर्णवेळ नोंदणीत मोजले जात नाही.

आता मी ज्यात अडकले ते सांगते, आणि थोडे पाल्हाळ लावूनच सांगते, कारण पहिल्या सत्रात हे मला कोणीही सांगितले नव्हते. अभ्यासातील अडचणीमुळे कमी क्रेडिट्स ठेवण्याची जी परवानगी मिळते, तिला सगळे ‘आरसीएल’ (रिड्यूस्ड कोर्स लोड) म्हणतात. तिची कारणे नियमातच मोजकी दिलेली आहेत: इंग्रजीची किंवा वाचनाच्या भाराची सुरुवातीची अडचण, अमेरिकी अध्यापनपद्धतीचा अपरिचय, किंवा चुकीच्या पातळीच्या कोर्समध्ये झालेला प्रवेश. ‘जीपीए खाली येईल’ हे कारण त्यात बसत नाही. परवानगी मिळाल्यावरही निम्मा भार ठेवावाच लागतो आणि उन्हाळी सत्र वगळता पुढच्या सत्रात पूर्णवेळ नोंदणी करावी लागते. इथवरचे बहुतेकांना माहीत असते. जे माहीत नसते ते असे की, ही सवलत एका पदवी-स्तरावर एकदाच मिळते. एका सत्रात एकदा नव्हे, वर्षातून एकदाही नव्हे. संपूर्ण एमएसमध्ये एकदाच. मी ती पहिल्याच सत्रात अ‍ॅडव्हान्स्ड अल्गोरिदम्ससाठी रीतसर अर्ज करून घेतली. तिसऱ्या सत्रात दुसरा एक कोर्स त्याहून कितीतरी जड निघाला, प्रकृती ठीक होती, कारण सांगायला काही नव्हते, आणि तो दरवाजा माझ्यासाठी आधीच बंद झालेला होता. तो कोर्स मी पूर्ण केला, पण त्या हिवाळ्याची आठवण अजूनही नकोशी वाटते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला विचारा, की पुढच्या सत्रांत याहून कठीण काही वाट पाहत आहे का; अनिवार्य कोर्सची यादी समोर ठेवून विचारा.

आजारपणाची सवलत वेगळी आहे, आणि तिचा हिशेब अभ्यासाच्या सवलतीत मिसळू नका. परवानाधारक डॉक्टरांच्या किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या पत्रावर ती मिळते आणि एका पदवी-स्तरावर एकूण १२ महिन्यांपर्यंत वापरता येते. मानसिक आजारही त्यात येतात. झोप उडाली असेल, खाणे सुटले असेल, तर ‘अभ्यास झेपत नाही’ असे म्हणून अभ्यासाची सवलत खर्च करू नका. आधी डॉक्टरांकडे जा. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातील प्रत्येकाचे पत्र चालतेच असे नाही, तेव्हा कोणाचे पत्र चालेल हे डीएसओला अगोदर विचारून घ्या. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि घरी सांगणे जड जात असेल तर ते चार दिवस मागे ठेवले तरी चालते.

मूळ प्रश्न उरतोच, की कोर्स सोडायचा का. शंभरपैकी ४८ गुण पाहून आपल्या पोटात गोळा येतो, कारण आपल्या डोक्यात प्रथम वर्गाची साठची रेघ असते. इथे कित्येक कोर्समध्ये गुण वर्गाच्या तुलनेत ठरतात. वर्गाचा मध्यक ४५ असेल तर ४८ म्हणजे कदाचित ‘बी’सुद्धा असेल. मध्यक विचारल्याशिवाय निर्णय घेऊच नका. मग जीपीए मांडून पाहा. दोन कोर्समध्ये ‘ए मायनस’, म्हणजे ३.७, आणि तिसऱ्यात ‘सी’, म्हणजे २.०, आले तर सरासरी ३.१३ होते आणि सर्वसाधारणपणे लागणारी ३.० ची मर्यादा शाबूत राहते. तेच दोन ‘बी’ आणि एक ‘सी’ झाले तर २.६७ होते आणि प्रोबेशनचे, म्हणजे गुण सुधारण्याच्या ताकिदीचे, पत्र येते. अनिवार्य कोर्समध्ये ‘सी’ चालतो का, हे विभागाच्या हँडबुकात असते. अनेक ठिकाणी चालत नाही. शिवाय तो कोर्स फक्त फॉलमध्येच (शरद ऋतूतील सत्रात) शिकवला जात असेल आणि पुढचे दोन कोर्स त्याच्यावर अवलंबून असतील, तर एका सत्राची सुटका पुढे वर्षभर महागात पडते. टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, असाल तर पूर्णवेळ नोंदणीची अट तुमच्या नियुक्तिपत्रातही बहुधा असते, ते काढून वाचा.

प्राध्यापकांकडे जा, हे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडच्या सवयीने ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत) जायला संकोच वाटतो, सर काय म्हणतील असे वाटते. पण ‘या गुणांवरून मी कुठवर पोहोचू शकेन’ या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर दुसरे कोणीच देत नाही. रूममेट असलेले सीनियर मात्र याबाबतीत सर्वांत वाईट सल्लागार, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा हेतू चांगला असतो, बटाटेही तेच स्वस्तात आणून देतात, पण त्यांना फक्त स्वतःच्या वर्षाचा अनुभव ठाऊक असतो. आणि त्यांच्या ड्राइव्हवरची जुन्या गृहपाठांची उत्तरे घेऊन कोर्स तारून नेण्याचा जो मार्ग सुचवला जातो, तो कोर्स सोडण्यापेक्षा शंभर पटीने धोकादायक आहे. ऑनर कोडची, म्हणजे अभ्यासातील प्रामाणिकपणाच्या नियमांची, चौकशी लागली तर ‘डब्ल्यू’ हवाहवासा वाटेल.

सोडायचे नक्की ठरले, तर आधी बदली कोर्स मिळतो का ते पाहा. काही विद्यापीठांत सत्राच्या मध्यापासून सुरू होणारे छोटे कोर्स असतात, काही प्राध्यापक स्वतंत्र अभ्यासाचे क्रेडिट देतात, आणि नऊ क्रेडिट्स पुरी झाली तर आरसीएलची गरजच उरत नाही. ऑनलाइन कोर्स घेताना मात्र एका सत्रात तीनच ऑनलाइन क्रेडिट्स पूर्णवेळ नोंदणीत धरली जातात, हे ध्यानात ठेवा. बदली मिळाला नाही, तर डीएसओकडे अर्ज करा, सेविसमध्ये (आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) नोंद झाल्याची लेखी खात्री येईपर्यंत थांबा, वर्गात जात राहा, गृहपाठ देत राहा, आणि त्यानंतरच पोर्टल उघडा. त्या मंजुरीची प्रत स्वतःच्या खासगी ई-मेलवर पाठवून ठेवा, कारण विद्यापीठाचे खाते पदवीनंतर अनेक ठिकाणी बंद होते आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी वकील त्या सत्राबद्दल विचारू शकतात.