कोंबडी पिसं गाळते तेव्हा अंडी का बंद होतात?

नवरात्राच्या सुमारास खुराड्यात पिसांचा सडा पडू लागतो आणि अंड्यांची टोपली रिकामी राहते. कोंबडी आजारी नसते. सव्वा ते दीड वर्षाची झाली की ती पहिल्यांदा पिसं बदलते, पुढे साधारण दरवर्षी. महाराष्ट्रात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरावर येतो. उजेड घटला की अंडाशय मंदावतं आणि पिसं गळू लागतात.

पीस म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनंच, आणि एका अंड्यातही सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं जातात. रोजच्या 100-120 ग्रॅम खाण्यात दोन्ही भागत नाही. कोंबडी पिसं निवडते.

खात्री करायची तर रात्री, दांडीवर झोपलेली असताना कोंबडी अलगद उचला आणि बॅटरीच्या उजेडात पंख पसरून बघा. मधोमध एक आखूड पीस दिसेल. त्याच्या बाहेरच्या बाजूची 10 लांब पिसं मोजा. ती आतून बाहेर गळत जातात. एकेक करून गळत असतील तर हे काम चार-सहा महिने रेंगाळणार. दोन-तीन एकदम गळून शेजारीशेजारी कोंब फुटले असतील तर दोन-अडीच महिन्यांत कोंबडी मोकळी. चांगली अंडी देणारी कोंबडी सहसा उशिरा पिसं गाळते आणि लवकर उरकते. उघडीबोडकी दिसते म्हणून नेमकी तीच विकली जाते.

तुरा फिका आणि आक्रसलेला असणं, अंड्याची वाट कोरडी व लहान होणं, तिच्या दोन बाजूंच्या हाडांत जेमतेम एक बोट मावणं, हे सगळं या दिवसांत ठीकच. पण शेपटीखाली पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर त्या उवांच्या लिखा. फक्त पाठ उघडी पडली असेल तर दोष पाठीवर चढणाऱ्या कोंबड्याचा. छातीपोटाची पिसं जाऊन कोंबडी खोप्यातून उठत नसेल तर ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली आहे. खाणं सोडलं, हिरवट पातळ विष्ठा झाली, मान वाकडी झाली, तर मात्र राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची शंका घ्या. तिला वेगळं ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

आता खाणं. मुख्य काम इथंच आहे. एकूण खाद्यात 18 ते 20 टक्के प्रथिनं हवीत. बाजारातलं लेअर खाद्य (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) वापरत असाल तर 9 किलोत 1 किलो सोयाबीनची पेंड मिसळा. घरचाच मका, ज्वारी, कणी असेल तर 7 किलो भरड्याला 3 किलो पेंड आणि पाकिटावरच्या प्रमाणात खनिज मिश्रण. नुसत्या कणीवर ठेवलेली कोंबडी संक्रांतीपर्यंत अर्धवट पिसांतच दिसेल. कच्चं सोयाबीन घालू नका, ते पचत नाही, भाजून भरडा. शेंगदाण्याची पेंड चालते, पण बुरशीचा वास आला तर सरळ फेकून द्या, तिचं विष यकृतावर जातं. सुकट उत्तम: 10 कोंबड्यांना एक मूठ, पण दोनदा पाणी बदलून भिजवून, नाहीतर मीठ बाधतं. शिंपल्यांचा चुरा खाद्यात जास्तीचा न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवा. लागेल तशी ती खाईल.

नवे कोंब रक्ताने भरलेले असतात, निळसर काड्यांसारखे. हात लावला तरी दुखतात. एखादा मोडला तर रक्त बघून बाकीच्या टोचायला धावतात, म्हणून हळद दाबून तिला दोन दिवस डाल्याखाली ठेवा. याच काळात नव्या कोंबड्या कळपात सोडू नका. जंताचं औषध पिसं गळायच्या आधी किंवा पूर्ण आल्यावर द्या. काही जंतनाशकांनी उगवती पिसं वाकडी येतात.

उपाशी ठेवून किंवा पिसं उपटून हा काळ आवरत नाही. रात्रभर दिवा लावण्यातही अर्थ नाही. पंखांची लांब पिसं पूर्ण भरली, तुरा लाल होऊ लागला, की पहाटे 9 वॅटचा एक बल्ब सुरू करा. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत उजेड 14 तासांवर न्या. संध्याकाळचा दिवा टाळा. तो एकदम विझला की कोंबड्यांना दांडी सापडत नाही.

पहिली एक-दोन अंडी पातळ कवचाची निघू शकतात. अंडी सुरू झाली की लेअर खाद्यातली जादा पेंड हळूहळू बंद करा.