समतोल संहती काढताना या चुका टाळा

समतोल संहती म्हणजे अभिक्रिया समतोलाला पोहोचल्यावर द्रावणात असलेली प्रत्येक घटकाची संहती. तिची उत्तरे बीजगणित येत नाही म्हणून क्वचितच चुकतात. ती चुकतात क्ष, म्हणजे संहतीत झालेला अज्ञात बदल, सोडवायला घेण्याआधीच्या आणि सोडवून झाल्यानंतरच्या घाईमुळे.

या घाईचा सर्वांत वाईट प्रकार म्हणजे छेदातला क्ष न तपासता वगळणे. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचा विचरण (आयनांत विभागणी) स्थिरांक ०.००००१८ असतो आणि त्यातील जेमतेम १.३ टक्के आम्लाचे विचरण होते, म्हणून तेथे स्थिरांकाच्या राशीत, म्हणजे क्ष² ÷ (०.१ − क्ष) मध्ये, ०.१ − क्ष ऐवजी ०.१ लिहिलेले चालते. पण जे एका ठिकाणी चालले ते पाठ करून सगळीकडे लावले जाते. विद्यार्थिदशेत मीही ते ०.०१ मोलर क्लोरोॲसेटिक आम्लाला लावले, ज्याचा स्थिरांक ०.००१४ आहे. वर्गमूळ काढून हायड्रोजन आयनांची संहती ०.००३७ मोलर आणि पीएच २.४३ आला, मीटर मात्र २.५ च्या खाली यायला तयार नव्हता. मी मीटरलाच दोषी ठरवले, पीएच ४ आणि ७ च्या बफर द्रावणांनी तो दोनदा प्रमाणित केला, इलेक्ट्रोड धुतला, द्रावणही नव्याने बनवले आणि त्यात सबंध दुपार घालवली. अखेर नाइलाजाने वर्गसमीकरण सोडवले, तेव्हा संहती ०.००३१ मोलर आणि पीएच २.५१ आला. मीटर बिचारा पहिल्यापासून खरेच सांगत होता.

तेव्हापासून आलेले उत्तर मी पुन्हा मूळ राशीत घालून पाहतो. वरचे ०.००३७ घातले असते, तर स्थिरांक ०.००१४ ऐवजी ०.००२२ च्या आसपास आला असता आणि चूक अर्ध्या मिनिटात सापडली असती. क्ष हा सुरुवातीच्या संहतीच्या ५ टक्क्यांहून कमी असल्यास तो वगळावा, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण तो उत्तर आल्यावर लावून पाहायचा असतो, हे फार थोडे जण लक्षात ठेवतात.

दुसरी चूक रासायनिक समीकरणातल्या सहगुणकांची. लेड क्लोराइडची विद्राव्यता क्ष धरल्यास क्लोराइड आयनांची संहती २क्ष होते आणि विद्राव्यता गुणाकारात, म्हणजे आयनांच्या संहतींच्या गुणाकारात, तिचा वर्ग, म्हणजे ४क्ष², येतो. दोन एकदा संहतीत आणि एकदा घातांकात येतो, म्हणून तो दोनदा मोजला गेला असे समजून नवशिके एक दोन गाळतात. तो दोन्हीकडे हवा.

समान आकारमानाची दोन द्रावणे मिसळली की दोन्हींची संहती निम्मी होते. सुरुवातीची संहती, बदल आणि समतोल संहती मांडतो त्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत बाटलीवरचा आकडा उतरवू नये. स्थायू पदार्थ आणि विरल द्रावणातले पाणी स्थिरांकाच्या राशीत येत नाहीत. वर्गसमीकरणाच्या दोन उत्तरांपैकी ज्यामुळे कोणतीही संहती ऋण होते, ते सोडून द्यावे. आणि मधल्या पायरीवर आकडे पूर्णांकित करू नयेत. मी ते शेवटच्या ओळीपर्यंत गणकयंत्रातच राहू देतो.