हस्तांतरित विनाशिकेचा माग कसा काढावा : 'गोदावरी'चे उदाहरण

दुसऱ्या महायुद्धात व्यापारी ताफ्यांच्या रक्षणासाठी बांधलेल्या कित्येक विनाशिका एका मित्रराष्ट्राच्या नौदलाकडून दुसऱ्याकडे गेल्या आणि प्रत्येक हस्तांतरात त्यांचे नाव, ध्वज व बहुधा क्रमांकही बदलला. अशा नौकेचा इतिहास शोधताना सर्वप्रथम तिची गोदी आणि जलावतरणाची तारीख टिपून ठेवावी, कारण पुढे काहीही बदलले तरी या दोन नोंदी तशाच राहतात.

भारतीय नौदलाच्या 'गोदावरी' या विनाशिकेचेच पाहा. इंग्लंडमधील हेबर्न येथील हॉथॉर्न लेस्ली गोदीतून जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश विनाशिकांच्या हंट वर्गातील 'बेडेल' म्हणून पाण्यात उतरलेली ही नौका १९४२ मध्ये पोलिश नौदलात 'श्लोंझाक' या नावाने दाखल झाली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला फ्रान्समधील दिएप बंदरावरील हल्ल्यात सामील होती. १९४६ मध्ये ती ब्रिटिशांकडे परतून पुन्हा 'बेडेल' झाली व १९५३ मध्ये भारतीय नौदलात आली. साहजिकच, केवळ 'बेडेल' या नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती तिची युद्धातली कामगिरी जवळजवळ लागतच नाही. त्यासाठी पोलिश नाव घेऊनच शोधावे लागते.

यानंतर क्रमांक जुळवावेत. 'बेडेल'चा क्रमांक एल २६ होता, तर 'गोदावरी'चा डी ९२. छायाचित्रावर तारीख नसली तरी बाजूवर रंगवलेला क्रमांक स्पष्ट दिसत असेल, तर ते कोणत्या काळातले, हे बऱ्याचदा त्यावरूनच ठरते. क्रमांक अस्पष्ट असल्यास तोफा मोजाव्यात : ही नौका हंट वर्गाच्या दुसऱ्या प्रकारातली असल्याने तिच्यावर चार इंची तोफांच्या तीन जोड्या, एक पुढे व दोन मागे, दिसतात आणि पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्याच्या नळ्या दिसत नाहीत, तिसऱ्या प्रकारात तोफांची एक जोडी कमी करून त्या नळ्या बसवल्या होत्या.

सर्वांत जास्त फसगत होते ती नावाच्या पुनर्वापरामुळे. मूळ 'ओकली' पोलंडला दिल्यावर ब्रिटिशांनी 'टिकहॅम' या दुसऱ्याच हंट नौकेला 'ओकली' हे नाव दिले, त्यामुळे एकाच नावाच्या दोन नौका एकमेकींत मिसळतात. आपल्याकडे तर तीन 'गोदावरी' होऊन गेल्या. पहिली महायुद्धकाळातील स्लूप, म्हणजे ताफ्यांच्या रक्षणासाठीची छोटी युद्धनौका, जी फाळणीनंतर पाकिस्तानकडे जाऊन 'सिंध' झाली. दुसरी ही विनाशिका. आणि तिसरी माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८३ मध्ये सेवेत आलेली फ्रिगेट. नोंदीत वर्ष दिलेले नसेल, तर ती कोणत्या 'गोदावरी'ची हे ठरवण्याची घाई करू नये.

हीच पद्धत १९५३ मध्येच आलेल्या 'गोमती' आणि 'गंगा' यांनाही लावता येते. त्यांचा शोध अनुक्रमे 'लॅमर्टन' आणि 'चिडिंगफोल्ड' या नावांपासून सुरू करावा.