दगड झालेली ब्राउन शुगर मऊ कशी करायची

ब्राउन शुगरचा दगड झाला म्हणून पाकीट फेकायचं कारण नाही. साखर खराब झालेली नसते, तिच्यातली ओल उडालेली असते. ब्राउन शुगर म्हणजे साखरेचे बारीक कण आणि त्यांच्यावर मळीचा, म्हणजे साखर बनवताना उरणाऱ्या काळपट पाकाचा (मोलॅसिस), पातळ, ओलसर थर. फिकट प्रकारात मळी साधारण ३.५ टक्के, गडद प्रकारात ६.५ टक्क्यांच्या आसपास. हा थर ओला असेपर्यंत कण सुटे राहतात. पाणी उडालं की थरात विरघळलेली साखर पुन्हा घट्ट होते आणि कणाला कण चिकटवून टाकते.

म्हणून वरून चमचाभर पाणी ओतू नका. पाणी पडलं तेवढ्या जागी पाक होतो, बाकीचा दगड तसाच राहतो, आणि पाक सुकल्यावर ढेप आणखी कडक होते. ओल परत द्यायची ती हवेतून, हळूहळू.

हाताशी एक दिवस असेल तर ब्रेडचा उपाय सर्वांत चांगला. अर्धा किलो साखरेला ताज्या ब्रेडची एक स्लाइस पुरते. ढेप मावेल अशा हवाबंद बरणीत ती ठेवा, वर स्लाइस ठेवून झाकण घट्ट लावा. रात्रभरात ब्रेड कडक होतो आणि साखर सैल. मोठी ढेप असेल तर दोन दिवस लागतात. मधे एकदा काट्याने फोडून स्लाइस बदला. काम झालं की ब्रेड लगेच काढा. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत विसरलेल्या स्लाइसला बुरशी धरायला वेळ लागत नाही. सफरचंदाची फोडही चालते, पण ती थेट साखरेवर न ठेवता फॉइलच्या तुकड्यावर ठेवा, नाहीतर खालची साखर विरघळते.

घाई असेल तर मायक्रोवेव्ह. लागेल तेवढीच साखर काचेच्या भांड्यात घ्या, वर ओला करून घट्ट पिळलेला पेपर नॅपकिन झाका आणि २० सेकंद फिरवा. काट्याने फोडा, पुन्हा २० सेकंद. एकदम दोन मिनिटं लावली तर मधला भाग वितळून जळतो, आणि वितळलेल्या साखरेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. ओव्हन असेल तर ट्रेमध्ये पसरून १२० अंश सेल्सिअसला पाचेक मिनिटं, समोर उभं राहून.

या दोन्ही झटपट उपायांत एक मेख आहे. साखर गरम असते तोवरच मऊ असते, थंड झाली की पुन्हा आवळते. सॉस किंवा पाकासाठी ते चालतं. कुकीजसाठी लोण्याबरोबर फेटायची असेल तर मात्र गरम साखरेने लोणी वितळतं आणि कुकीज ट्रेवर पसरतात. तिथे ब्रेडचाच मार्ग धरा. अगदीच वेळ नसेल तर ढेप किसणीवर किसून घ्या. मात्र किसलेली साखर कपाने मोजू नका, वजन करा: दाबून भरलेला एक कप म्हणजे २०० ते २२० ग्रॅम.

साठवणीत बहुतेकांचं चुकतं ते डब्यात. नेहमीचा स्टीलचा डबा हवाबंद नसतो. रबरी रिंगची काचेची बरणी घ्या आणि साखर मूळ पिशवीसकट, हवा दाबून काढून, आत ठेवा. मोठ्या बरणीच्या तळाशी मूठभर साखर ठेवण्यापेक्षा लहान बरणी बरी. उघडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली कोरडी हवा ओल ओढून घेते. एसीची खोली, विदर्भातला उन्हाळा किंवा परदेशात हिवाळ्यातलं हीटर लावलेलं घर, इथेही तेच होतं.

ओल टिकवण्यासाठी मातीच्या चकत्या विकत मिळतात. कोरी पणतीही तेच काम करते. रंग, ग्लेझ किंवा तेल लागलेली मात्र नको. स्वच्छ धुऊन २० मिनिटं पाण्यात भिजवा, बाहेरून नीट पुसा आणि साखरेवर ठेवा. पुसायचं राहिलं तर खाली पाक साचतो. साखर पुन्हा आवळू लागली की पणती परत भिजवायची.

आपल्याकडे ब्राउन शुगर म्हणून मिळणाऱ्या काही पाकिटांत जाड, कोरडे, सुटे डेमेरारा दाणे असतात. ते मुळातच मऊ नसतात, त्यांच्यात ब्रेड ठेवून काही होणार नाही. आणि गुळाला यातलं काहीही करू नका. पावसाळ्यात गूळ उलट हवेतली ओल ओढतो आणि पाझरतो. त्याला कोरडा, घट्ट झाकणाचा डबाच हवा.

मऊ होण्याची वाट पाहायची नसेल तर एक कप साध्या साखरेत एक मोठा चमचा मळी बोटांनी चोळून मिसळा. गडद हवी असेल तर दोन चमचे. मळी नसेल तर काकवी चालते, पण चव गुळाकडे झुकते आणि रंग फिकट येतो.